टोपावरची हवा

रघू, शाळेतल्या गॅसच्या खोलीला कुलूप लागलं आहे आणि किल्ली हेडमास्तरांनी माझ्याच हातात दिली आहे. कुणाच्या हातात काय द्यावं हे त्यांना कधीच कळलं नाही. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत त्या दारापर्यंत मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा कुलपाला हात न लावता परत फिरलो. आत काय आहे? पाण्याने भरलेलं एक पिंप आणि त्यात उपडा घातलेला, तुझ्या हातचा पत्र्याचा टोप. महिनाभरात त्यात चमचाभरसुद्धा गॅस नाही. तरी मी भितो.

भिण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, हे तुला वेल्ह्याच्या शाळेपासून ठाऊक होतं. माझे वडील तिथल्या कचेरीत कारकून, तुझे वडील बाजारात भांडी ठोकायचे आणि गावोगाव कल्हई करत हिंडायचे. पावसाळ्यात तोरणा ढगात गेला की मला शाळेची वाट एकट्याने चालवायची नाही. ढगातून कुणीतरी खाली उतरून येईल असं वाटायचं. तू काही विचारायचा नाहीस, चिडवायचा नाहीस, नुसता डोंगराच्या अंगाला येऊन चालायला लागायचास. चौथीनंतर तू भात्यावर बसलास आणि मी इंग्रजी शिकायला भोरला आलो. पुढे तूही भोरला येऊन तांबट आळीत दुकान मांडलंस, तोवर मी शास्त्राचा मास्तर झालो होतो. चारचौघांत तू मला 'मास्तर, तुमी' म्हणायचास आणि दुकानाच्या आत आलो की 'बाळ्या'. मला ते दोन्ही आवडायचं, पण दुसरं जास्त.

ते गॅसचं यंत्र हेडमास्तरांनी एका कॅटलॉगात पाहिलं होतं. प्रयोगशाळेत पोरांना स्पिरिटच्या दिव्यांवर किती दिवस झुलवायचं, आपल्याकडेही गॅसच्या शेगड्या हव्यात, असं त्यांनी मनावर घेतलं. मी ते चित्र घेऊन तुझ्याकडे आलो. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकलं की गॅस सुटतो, तो नळीने पाण्यातून टोपाखाली जातो, आणि टोप दोन खांबांच्या आधाराने वर चढतो. तू चित्र उलटंसुलटं करून पाहिलंस आणि म्हणालास, "हितं काय न्हाई अवघड. तांब्याचा करतो, पिढ्यान्‌पिढ्या टिकंल."

मी घाबरून म्हटलं, "तांबं अजिबात नको. हा गॅस आणि तांबं यांचं जमत नाही. दोघांचा मिळून जो पदार्थ होतो, तो नुसत्या धक्क्यानेही उडतो, असं पुस्तकात आहे."

"तांबटाच्या दारात यून म्हनतोस तांबं नगं," तू हसत म्हणालास. मग हसू आवरून विचारलंस, "खरंच उडतंय?"

"खरंच."

त्यावर तू लोखंडी पत्रा आणवलास, आणि दुकानातला तांब्याचा बारीकसा चुराही त्याला लागू नये म्हणून सगळं काम मागच्या पडवीत केलंस. माझ्या भीतीला तू कधी हसण्यावारी नेलं नाहीस. तू ती कामात धरायचास.

यंत्र चालू झालं, त्याची देखभालही तुझ्याकडेच आली, आणि मला एक नामी गणित सापडलं. टोपाचं वजन बदलत नाही, त्याच्या तोंडाची रुंदी बदलत नाही, त्यामुळे आत गॅस थोडा असो की पुष्कळ, त्याचा दाब तोच. दाब जिथे सारखा राहतो तिथे गॅसने किती काम केलं हे काढणं सोपं असतं. दाबाला वाढलेल्या जागेने गुणायचं, की झालं. मी फळ्यावर पोरांना काढून दाखवलं. टोप चाळीस रतल, म्हणजे पौंडांचा, चढला एक फूट, तेव्हा काम चाळीस फूट-पौंड. तू दारात बसून तोटी घासत होतास. संध्याकाळी दुकानात मला म्हणालास, "तुझं ते गनित मला पटलं न्हाई."

मला जरा गंमतच वाटली. तू उठलास, भात्याची झडप चिंधीने बंद केलीस, नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरलंस आणि म्हणालास, "आता उघड भाता."

मी ओढला. हलेना. दोन्ही पाय रोवून ओढला, तेव्हा कुठे बोटभर उघडला आणि परत मिटला.

"कोन धरतंय?"

"बाहेरची हवा," मी म्हटलं.

"मंग त्याच हवंखाली माझा टोप बसलाय न्हवं? गॅसनं टोप उचलला तवा वरची हवाबी उचललीच की. ती का न्हाई लिवली?"

"ती सगळीकडे सारखीच असते. ती धरत नाहीत."

"कोन धरत न्हाई?"

"पुस्तकवाले."

"त्यांनी कधी भाता वडलाय का?"

मी हसून विषय बदलला. तुझं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरांसमोर तू तोच प्रश्न पुन्हा विचारलास, आणि मी म्हणालो, "रघुनाथराव, आपण पत्रा बघा, गणित आम्ही बघतो." पोरं खिदळली. तू मान खाली घालून नळीला दोरा गुंडाळत राहिलास. पुढे दोन-अडीच वर्षांनी पुण्याहून आणलेल्या एका जाड पुस्तकात मी ते नीट वाचलं. गॅसने केलेलं काम काढायचं तर त्याचा पुरता दाब धरायचा, वरच्या हवेचा भारही त्यातच येतो. मी घाईघाईने आकडे मांडले. आपल्या दोन फुटी टोपावर हवेचा भार सहा हजार तीनशे रतलांचा. गॅस टोपाबरोबर तेवढी हवा फूटभर वर सारतो, आणि मी लिहिले होते चाळीस. दिसतं तेवढंच मोजायचं आणि न दिसणारं कुणीतरी मुकाट्याने उचलतंय हे विसरायचं, ही माझी जुनीच खोड. तुझं बरोबर होतं हे मी तुला सांगितलं नाही. आज सांगतो, भाड्याच्या घरातल्या टेबलापाशी बसून, जिथून तुला ऐकू जाणार नाही.

पण हे पुस्तक हाती येण्याआधीच ती खंडेनवमी होऊन गेली होती. त्या दिवसाबद्दल आपण दोघे चार वर्षांत एक शब्द बोललो नाही.

खंडेनवमीला तू हत्यार पुजायचास आणि मग कशालाच हात लावायचा नाहीस. हातोडी, कातर, भाता, सगळं हळदकुंकू लावून पाटावर. शाळेतही आम्ही तराजू, नळ्या, चुंबक, कातर पुजायचो. त्या वर्षी मला वाटलं, टोपाचीही पूजा करावी. मी झेंडूच्या माळा आणल्या, सुतळीत ओवलेल्या, आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत टोपावरून सोडल्या. पुढ्यात स्टूल ठेवून त्यावर निरांजन लावलं. ते सगळं फार छान दिसत होतं, याची आज किळस येते.

दुपारी शिक्षणखात्यातले कुणी पाहुणे अचानक आले. हेडमास्तर म्हणाले, चहा होईपर्यंत गॅस तयार ठेवा, शेगडी पेटवून दाखवू. तू त्या दिवशी कामाला येणार नव्हतास. मी एकट्याने पाण्याची तोटी सोडली. टोप नेहमीसारखा चढू लागला. वीतभर चढला आणि माळेची सुतळी टोपाच्या कडीत आणि खांबात अडकली. टोप एका बाजूला कलला आणि तसाच रुतून बसला. गॅस मात्र येतच होता. टोपाला वर जाता येईना, म्हणून त्याच्या काठाखालून पाणी गुडगुडायला लागलं आणि सगळ्या खोलीत लसणासारखा वास भरला. मी निरांजनाकडे पाहिलं. ते माझ्यापासून तीन पावलांवर होतं. तोटी दोन पावलांवर होती. एक फुंकर आणि एक पिळा, एवढंच काम होतं.

मी पळालो.

बाहेर अंगणात पोरं तोरणं बांधत होती, चाळीसेक असतील. त्यांनाही मी 'पळा' म्हणालो नाही. माझी बोबडी वळली होती. फाटकाशी तू भेटलास. आपल्या हातच्या वस्तूची पूजा कशी झाली ते बघायला धुतलेलं धोतर नेसून आला होतास. "काय झालं?" तू विचारलंस. मी खोलीकडे बोट केलं. एवढंच केलं. आणि तू आत गेलास.

तू आत काय केलंस ते मी पाहिलं नाही, मी फाटकाजवळच्या चिंचेमागे होतो. नंतर खुणांवरून समजलं. ओल्या हाताने ज्योत चिमटलीस, तोटी बंद केलीस, खिडक्या उघडल्यास आणि सुतळी तुटेना तेव्हा मी पुजून ठेवलेल्या कातरीला हात घातलास. खंडेनवमीला हत्याराला हात. तुझ्या घराण्यात कुणी ते केलं नसेल. टोप सरळ झाला. हेडमास्तर वास घेत धावत आले तेव्हा तुझ्या एका हातात ती कातर होती आणि दुसऱ्या हातात विझलेलं निरांजन. मीही तोवर लाजेकाजेस्तव दारापर्यंत आलो होतो.

"हा दिवा इथं कुणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, नुसतं पाहिलंस. मी जमिनीकडे पाहिलं. मग तू म्हणालास, "चुकलं, साहेब."

पाहुण्यांसमोर, पोरांसमोर त्यांनी तुझी खरडपट्टी काढली. अडाणीपणा, देवभोळेपणा, शाळा उडाली असती, पोरं मेली असती. तू निरांजन स्टुलावर ठेवलंस, नमस्कार केलास आणि गेलास. मी मूग गिळून उभा. नवी नोकरी नव्हती, पण तीच भीती होती की आता ही गेली तर वेल्ह्याला कुठल्या तोंडाने जाऊ. संध्याकाळी तुझ्या दुकानात यायला निघालो आणि आळीच्या तोंडावरून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला तूच माझ्या घरी आलास. आपण आपट्याचं पान दिलं-घेतलं, गळाभेट घेतली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तू थोडा वेळ थांबलाससुद्धा. मी तुला चहा पाजला.

मग लढाई सुरू झाली, कार्बाइडचे डबे मिळेनासे झाले, टोप आठवड्यातून एकदाच चढू लागला, आणि तुझी छाती बिघडली. वर्षानुवर्षं कल्हईच्या नवसागराचा धूर, भट्टीचा धूर. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जाळून घेतली आहेत. शेवटचे आठ दिवस मी शाळा सुटली की तुझ्या उशाशी येऊन बसायचो. तुला वाटलं असेल मी धीर द्यायला येतो. मी इतका घाबरलो होतो की घरी एकटा बसू शकत नव्हतो. तुझे श्वास मोजायचो. मिनिटाला तीस, चौतीस, अडतीस. मनात मी गणितही मांडायचो, कारण गणित मांडताना भीती जरा बाजूला बसते. निरोगी माणसाची छाती फुगते तेव्हा तेवढीच हवा आत येते, म्हणून बाहेरच्या हवेचं ओझं त्याला कळत नाही. आत हवा येईनाशी झाली की ते सगळं ओझं छातीवर येतं. मला हे कळत होतं आणि तुला ते होत होतं.

"बाळ्या," तू एकदा म्हणालास, "भात्याचं तोंड कुनीतरी दाबून धरलंय बघ."

मी म्हटलं, "पाऊस ओसरला की बरं वाटेल."

तू डोळे मिटलेस. जरा वेळाने उघडलेस आणि म्हणालास, "काय म्हनायचंय का तुला?"

"काही नाही. तू पडून राहा."

रघू, माझ्या जिभेवर होतं. शपथेवर सांगतो, दोन्ही गोष्टी जिभेवर होत्या, हवेची आणि दिव्याची. मला वाटलं, बोललो तर तुला कळेल की तू मरतो आहेस म्हणून मी बोलतोय. ही सबब खोटी आहे हेही मला तेव्हाच कळत होतं. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर तुझ्याबद्दल चांगलं बोलले, हात कसबी होता म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "एकदा मात्र त्यांच्या अजाणतेपणामुळे मोठा अनर्थ ओढवला असता. आता त्या यंत्राची डागडुजी करणारं कुणी राहिलं नाही. ते मोडून पत्रा विकून टाकावा हे बरं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तुला हे सांगतोच. क्षणभर मला हायसं वाटलं. टोप गेला की तो वास गेला, ती गुडगुड गेली आणि तो दिवस गेला. मग मला किल्ली मिळाली.

दहाव्याला मी वेल्ह्याला, तुझ्या मूळ घरी गेलो. चिखलातून डोंगर चढून जाताना दोनदा वाटलं की पाय घसरला म्हणून परत जावं. ओढ्याकाठी सगळं उरकून घरी आलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "वहिनी, शाळेतलं यंत्र मोडायचं ठरलंय." यापुढे काय बोलणार होतो कोण जाणे.

"मोडू द्या," त्या म्हणाल्या. "त्या दिव्यापाई म्हनत असतील."

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला समदं ठावं हाय, मास्तर. त्याच दिशी घरी यून सांगितलं त्यांनी. दिवा मास्तरांनी लावला म्हनले. मी लई चिडले. म्हनलं, मंग तुमी का ऐकून घेतलंसा? तर म्हनले, मास्तर भ्यालेत आत्ता. सांगतील ते. त्यांच्या तोंडानं सांगतील, आपुन नगं."

"मग?"

"मंग काय. वाट बघितली. दरसाल खंडेनवमी आली की हत्यारं पुजताना म्हनायचे, औंदा सांगतील बघ मास्तर." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमी जेवून जावा."

मी जेवलो नाही. तो घाट कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. तू मला क्षमा केली असतीस तर ते मला झेपलं असतं. तू रागावला असतास तर तेही झेपलं असतं. पण तू वाट बघत होतास. सोनं द्यायला आलास तेव्हा, दुकानात रोज, आणि उशाशी बसलो होतो तेव्हासुद्धा. माझ्यावर तुझा तेवढा विश्वास होता. तो पोटात घेऊन तू गेलास आणि आता तो माझ्या छातीवर आहे.

काल, शनिवारी, शाळा सुटल्यावर मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. खुर्चीला धरून उभा राहिलो. म्हटलं, "खंडेनवमीला दिवा मी लावला होता. माळाही मीच बांधल्या. गॅस मी सोडला, आणि अडकल्यावर पोरांना तसंच टाकून मी पळालो. रघूने सगळ्यांना वाचवलं." त्यांनी चष्मा काढला.

"चार वर्षं तुम्ही गप्प राहिलात?"

"हो."

"आणि तो काहीच बोलला नाही?"

"नाही."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सोमवारी अकराला मंडळाची बैठक आहे. तिथं सगळ्यांसमोर हेच सांगा. पुढचं ते ठरवतील."

तर उद्या अकरा वाजता. नोकरी राहील असं मला वाटत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही, बायको स्वयंपाकघरात तांदूळ निवडते आहे आणि मधूनमधून विचारते, इतकं काय लिहिताय. यंत्र मोडू नका, एवढं मी मागणार आहे. ते चालवायला दुसरा माणूस ठेवला तरी चालेल, पण चुकलं ते तुझ्या हातून नव्हे, हे सगळ्यांनी ऐकलं पाहिजे. रात्रभर मला पाण्याची गुडगुड ऐकू येत होती. उद्या त्या खोलीत शब्द फुटेल की नाही याचीही खात्री नाही. तरी काल एकदा फुटला आहे. खंडेनवमीला अजून महिना आहे. औंदा सांगितलं, रघू.